हार्ट पेशंटची शुगर सारखी वर-खाली होते तेव्हा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे आणि घरात वडील, म्हणजे आमचे अण्णा, डायबेटिसवाले आणि दोन स्टेंट टाकलेले. त्यामुळे हे प्रश्न मला दिवसभर काउंटरवर विचारले जातात आणि रात्री घरी जेवतानाही. डोस बदलायचा, गोळी बंद करायची हे सगळं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मी इथे फक्त समजून काय घ्यायचं आणि काय विचारायचं ते सांगतेय.

तीन महिन्यांची शुगर ७ आली, म्हणजे सगळं ठीक ना ताई?

७ चांगलंच आहे, पण ते सरासरी आहे हे लक्षात ठेवा. आपल्याकडे पावसाचं कसं होतं, सप्टेंबरअखेर पेपरात येतं की जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला, आणि शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगतो की जून सगळा कोरडा गेला, दुबार पेरणी करावी लागली आणि ऑगस्टमध्ये चार दिवसांत शेत वाहून गेलं. एचबीएवनसीचंही, म्हणजे या तीन महिन्यांच्या शुगरच्या टेस्टचंही, तसंच आहे. ७ म्हणजे साधारण १५४ ची सरासरी. ती एखाद्याची १२० ते १९० मध्ये फिरून आलेली असते आणि एखाद्याची रात्री ५० आणि जेवणानंतर २९० होऊनही आलेली असते. कागदावर दोघांचे ७ सारखेच दिसतात, हृदयाला मात्र ते सारखे नसतात.

आणखी एक गोष्ट, ही टेस्ट लाल पेशींवर चालते, त्या पेशी जगतात साधारण १२० दिवस. अंगात लोह कमी असेल तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि बायपासमध्ये रक्त गेलं असेल किंवा रक्ताच्या बाटल्या चढवल्या असतील तर पुढचे दोन-तीन महिने त्या आकड्यावर फार विसंबू नका, घरच्या मशीनचे आकडे जास्त खरं सांगतील.

वर-खाली तर सगळ्यांचीच होते, मग किती झाली की काळजी करायची?

बरोबर, सगळ्यांचीच होते, डायबेटिस नसलेल्यांचीही जेवल्यावर वाढते. मोजमाप असं आहे की दिवसाचा निदान ७० टक्के वेळ शुगर ७० ते १८० च्या मध्ये असावी, ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ आणि ५४ च्या खाली १ टक्क्यापेक्षाही कमी. पण वय झालेलं, हृदयाचा आजार, किडनी कमजोर अशा माणसांसाठी हे नियम मुद्दाम बदललेत. त्यांना ५० टक्क्यांहून जास्त वेळ रेंजमध्ये असला तरी चालतो, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत पाहिजे. १ टक्का म्हणजे अख्ख्या दिवसात जेमतेम पाव तास! यावरूनच कळतं की हार्ट पेशंटच्या बाबतीत डॉक्टर कशाला जास्त घाबरतात.

पण हृदयाला नक्की होतं काय?

शुगर चढते तेव्हा रक्तवाहिनीच्या आतलं जे नाजूक अस्तर असतं त्याला त्रास होतो, ते सुजतं, नीट सैल होत नाही, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. प्रयोगशाळेत असं दिसलंय की शुगर सतत जास्त असण्यापेक्षा जास्त-कमी-जास्त होत राहिली तर या पेशींना इजा अधिक होते.

आणि शुगर खाली जाते तेव्हा शरीराला वाटतं जीवावर बेतलंय, मग अॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, हृदयाला एकदम जास्त काम पडतं. धडधाकट हृदय हे निभावून नेतं, पण ज्याची नळी आधीच अरुंद आहे त्याला तेवढा जास्तीचा रक्तपुरवठा आणायचा कुठून? त्यात भर म्हणजे रक्तातलं पोटॅशियम खाली येतं, ईसीजीमध्ये क्यूटी नावाचं अंतर लांबतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. झोपेत हे झालं तर कोणाला कळतही नाही.

याची मोठी शिकवण २००८ मध्ये मिळाली. अमेरिका आणि कॅनडात अॅकॉर्ड नावाचा अभ्यास चालू होता, १०,२५१ माणसं, सगळी डायबेटिसची आणि हृदयाचा धोका असलेली. अर्ध्यांची तीन महिन्यांची शुगर ६ च्या खाली आणायची म्हणून औषधांचा जोर लावला, बाकीच्यांची ७ ते ७.९ मध्ये ठेवली. झालं उलटंच, जोर लावलेल्या गटात २५७ मृत्यू आणि दुसऱ्या गटात २०३, त्या वर्षी फेब्रुवारीत तो जोराचा उपचार मध्येच थांबवावा लागला. त्या गटात शुगर धोकादायक लो होण्याचे प्रसंगही बरेच जास्त होते. मृत्यू सरळ त्यामुळेच झाले असं काही सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून जगभर सगळ्यांनाच ६ च्या खाली खेचायचा हट्ट सुटला.

नंतर डिव्होट नावाच्या इन्सुलिनच्या अभ्यासात ७,६३७ जण होते, बहुतेक हृदयाचा धोका असलेले. त्यांत ज्यांची सकाळची उपाशीपोटीची शुगर रोज वेगवेगळी यायची त्यांच्यात गंभीर लो होणं आणि मृत्यू दोन्ही जास्त दिसले.

म्हणजे चढ-उतार घालवले की अटॅक टळतो?

इथे मला खरं सांगावंच लागेल कारण याच्या नावावर बाजारात पावडरी आणि काढे खूप विकले जातात. चढ-उतार जास्त असलेल्यांना त्रास जास्त होतो हे पुन्हा पुन्हा दिसलंय, पण नुसते चढ-उतार कमी केले म्हणून अटॅक कमी झाले असं अजून सिद्ध झालेलं नाही. हार्ट-टू-डी नावाच्या अभ्यासात नुकताच अटॅक येऊन गेलेल्या १,११५ जणांपैकी एका गटाची जेवणानंतरची शुगर इन्सुलिनने खाली ठेवायचा प्रयत्न केला, दुसऱ्या गटात उपाशीपोटीच्या शुगरवर भर दिला, हृदयाच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच राहिले. चीनमध्ये हृदयाचा आजार आणि डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या ६,५२२ जणांना अॅकार्बोज ही जेवणानंतरची शुगर कमी करणारी गोळी देऊन पाहिली, २०१७ मध्ये निकाल आला, डायबेटिस होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी झालं पण अटॅक काही कमी झाले नाहीत.

शिवाय जास्त चढ-उतार हे बऱ्याचदा दुसऱ्या कशाची तरी खूण असते, किडनी थकलीये, जेवण कमी झालंय, गोळ्या चुकतायत, घरात बघणारं कोणी नाही. म्हणून शुगरच्या नादात रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी यांकडे दुर्लक्ष करू नका, आणि तंबाखूची पुडी खिशात ठेवून शुगर सपाट करण्यात काही अर्थ नाही. स्टॅटिनने, म्हणजे त्याच कोलेस्टेरॉलच्या गोळीने, शुगर थोडीशी वाढते हे वाचून ती बंद करणारेही मला दर महिन्याला भेटतात. ती वाढ किरकोळ असते आणि हृदयाचा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो, बंद करू नका.

लो झालेली ओळखायची कशी?

घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, कडकडून भूक, चिडचिड, बोलताना अडखळणं. पण हार्ट पेशंटचं वेगळं असतं, कारण बहुतेकांना मेटोप्रोलॉल किंवा तसली बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके सावकाश करणारी, गोळी चालू असते आणि त्या गोळीने धडधड आणि थरथर दबून जाते. घाम तेवढा दबत नाही.

आमच्या घरचंच सांगते. अण्णा एकदा लग्नाहून उशिरा आले, तिथे खाल्लंय म्हणाले, पण गोळी जेवणाआधीची म्हणून घरी आल्यावर आठवणीने घेतली, शुगरची ग्लिमेपिराइड, आणि झोपले. पहाटे तीनला आईने मला उठवलं, म्हणाली यांचं बनियन पिळून काढावं इतकं ओलं झालंय आणि काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. नाडी बघितली तर एकदम शांत, ७० च्या आसपास. माझ्या मनात पहिल्यांदा अटॅकच आला. मशीन लावलं, ४८. ग्लुकोजचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, वीस मिनिटांनी म्हणाले काय गं, सगळे का जमलाय. मी इतकी वर्षं काउंटरवर बीटा ब्लॉकर देते, पण ती धडधड लपवते म्हणजे काय करते ते त्या रात्री कळलं. यावरून ती गोळी बंद करायची नसते बरं का, हृदयासाठी ती लागते. बदलायची झालीच तर शुगरची गोळी बदलतात, अण्णांचीही तीच बदलली.

आणि हो, घाम अटॅकमध्येही येतो, डायबेटिसवाल्यांना तर पुष्कळदा छातीत न दुखताच अटॅक येतो, नुसता घाम, दम लागणं, अस्वस्थ वाटणं. म्हणून मशीन लावा, शुगर ठीक असेल किंवा शुगर वर येऊनही बरं वाटत नसेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

लो झाली की काय द्यायचं? पेढा चालेल?

पेढा, चॉकलेट, दूध हे आधी नको. त्यात स्निग्ध असतं, साखर सावकाश चढते. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की काहीतरी खायला द्या, पोळी-भाजी, बिस्किटं, घरात असेल ते.

ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज आहे त्यांना घरची साखर, गूळ, सरबत पटकन लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर फुटायचं कामच अडवते. त्यांना ग्लुकोजच लागतं. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या खूप चालतात, पाकिटावर मागे बारीक अक्षरात नाव असतं, वाचता आलं नाही तर मेडिकलवाल्याला विचारा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. गोळीने लो झालेली शुगर एकदा वर आली तरी पुन्हा खाली जाऊ शकते, विशेषतः किडनी कमजोर असेल तर, म्हणून तो अख्खा दिवस लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

सगळं वेळेवर घेऊनही शुगर उड्या का मारते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण बऱ्याचदा उत्तर घरातच सापडतं.

इन्सुलिन घेत असाल तर पोटावरून हात फिरवून बघा. रोज एकाच जागी सुई टोचली की तिथे चरबीची मऊ गाठ येते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस परत तिथेच टोचतो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. जागा बदलत चला. पण गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात तर आधीचाच डोस जास्त होऊन शुगर लो होऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना सांगा.

दुसरं सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन ४० चं पण मिळतं आणि १०० चं पण. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातात ५० युनिट! एक काकू दवाखान्यातून नवीन बाटली घेऊन आल्या होत्या आणि सिरिंज घरातली जुनी वापरायच्या, दोन दिवस सारखी चक्कर, अशक्तपणाची टॉनिकची बाटली मागायला आल्या म्हणून कळलं. बाटली आणि सिरिंज दोन्ही एकदम दुकानात दाखवा, आम्हाला काही त्रास होत नाही.

दुधी रंगाचं मिक्स इन्सुलिन तळहातात हलकेच फिरवून एकसारखं करावं लागतं. फ्रीजरमध्ये गोठलेलं टाकून द्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर ओल्या वाळूवर ठेवलेलं मातीचं मडकं चांगलं काम देतं.

बाकी कारणं म्हणजे ताप, लघवीचं इन्फेक्शन, हिरड्यांची सूज, दम्यासाठी किंवा गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइड. आणि जुना डायबेटिस असेल तर जठर मंदावतं, जेवण पोटातच राहतं, औषध आधी पोचतं, म्हणून जेवल्याजेवल्या लो आणि चार तासांनी हाय. आणि किडनी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढला की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात. काही न करता शुगर एकदम छान यायला लागली तर घरचे खूश होतात, मी मात्र क्रिएटिनिन कधी केलं होतं ते विचारते.

उपवास करायचा का नाही?

श्रद्धेचा प्रश्न आहे, मी नको म्हणणार नाही. पण आपला उपवास म्हणजे शुगरच्या दृष्टीने सगळ्यात वाईट प्रकार, सकाळपासून पोटात काही नाही आणि मग दुपारी एकदम साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाट्याचा कीस. आधी खड्डा आणि मग डोंगर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड चालू असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना डोस विचारून घ्या. साबुदाण्याऐवजी थोडी भगर, भरपूर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही, ताक, असं दिवसात तीनदा विभागून. शुगर ७० च्या खाली आली की उपवास तिथेच सोडायचा. रोजाच्या बाबतीतही हेच, आधी डॉक्टर, मग ठरवा.

वारीला जाणाऱ्यांना एकच सांगते, रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणं आणि पंगत कधी बसेल ते नक्की नाही, तर घरचाच डोस तसाच घेऊन चालू नका. ग्लुकोजचा पुडा पिशवीत नको, सदऱ्याच्या खिशात.

आंबा, भात बंद करायचा का?

सगळं बंद केलं की पंधरा दिवस टिकतं आणि मग एकदम सुटतं, तेही चढ-उतारच. प्रमाण कमी करा, ताटात कोशिंबीर, पालेभाजी, उसळ आधी खा आणि भात शेवटी, एवढ्याने जेवणानंतरचा आकडा बराच खाली येतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात सावकाश फिरा. स्टेंट किंवा बायपास नुकतीच झाली असेल तर किती चालायचं ते आधी विचारा.

आणि आंबा खाऊन हात न धुता शुगर तपासू नका! मे महिन्यात एक मामा ३४० आली म्हणून घाबरून दुकानात आले, बोटांना अजून रसाचा वास येत होता. साबणाने हात धुवून परत घेतली, १६८.

तो दंडावर लावायचा शुगरचा सेन्सर घ्यावा का?

परवडत असेल आणि इन्सुलिनवर असाल किंवा रात्री लो होतेय असा संशय असेल तर चौदा दिवसांचा एक सेन्सर लावून बघण्यासारखा आहे, बोटाला टोचून जे कधीच दिसत नाही ते रात्रीचं चित्र दिसतं. तो रक्ताच्या थोडा मागे असतो, पाच ते पंधरा मिनिटं, आणि त्या दंडावर झोपलात तर खोटी लो दाखवतो, म्हणून लगेच साखर खाऊ नका, बोटावर खात्री करा. नाही परवडला तर आठवड्यातून एक दिवस ठरवून सात वेळा तपासा, तिन्ही जेवणांच्या आधी, पहिल्या घासापासून दोन तासांनी, आणि पहाटे तीनला एकदा.

डायबेटिस नव्हता, अटॅकच्या दिवशी शुगर २८० आली. हे काय?

अटॅकच्या ताणानेही शुगर चढते, आणि तेव्हा जास्त चढलेली असेल तर पुढचा धोकाही जास्त असतो. पण पुष्कळांना आधीपासूनच डायबेटिस असतो, फक्त तपासलेला नसतो. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात डायबेटिसचे १०.१ कोटी लोक निघाले आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी, आणि सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. त्याच अॅडमिशनमध्ये एचबीएवनसी करून घ्या आणि घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी परत.

आयसीयूत शुगर १६० ठेवलीये, कमी का करत नाहीत म्हणून नातेवाईक नर्सबरोबर वाद घालतात. तिथे १४० ते १८० हेच बरोबर आहे. २००९ च्या नाइस-शुगर अभ्यासात आयसीयूतल्या ६,१०४ पेशंटमध्ये १०८ च्या खाली ठेवायचा प्रयत्न केलेल्या गटातच मृत्यू जास्त झाले होते.

हृदयाला फायदा होईल अशी शुगरची गोळी असते का?

असते, आणि हे तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारलं पाहिजे. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास आला, ७,०२० जण, सगळे हृदयाचा आजार असलेले, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. २०१६ मध्ये लिराग्लुटाइडच्या इंजेक्शनचाही फायदा दिसला. ही औषधं एकटी असताना शुगर सहसा लो करत नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, बऱ्याच भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत चांगलीच उतरली, आधी महाग म्हणून सोडून दिलेल्यांनी परत चौकशी करा. ती घेताना लघवीच्या जागी खाज, इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता ठेवा. उलट्या-जुलाब होत असताना, कडक उपवासात आणि ऑपरेशन असेल तर त्याच्या तीन दिवस आधीपासून ती थांबवावी लागते, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असूनही रक्तात आम्ल वाढू शकतं.

७५ वर्षांच्या आईला कितीचं टार्गेट ठेवायचं?

हृदयाचा आजार असेल, लो होत असेल तर बहुतेक डॉक्टर ८ च्या आत समाधानी असतात. ६.२ आणा म्हणून मागे लागू नका.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

साधी दोनशे पानी वही. नुसते आकडे नको, बाजूला काय घडलं ते लिहा. अण्णांच्या वहीत असं आहे: "मंगळवार, उपाशी ११२. नाश्ता उशिरा. अकरा वाजता घाम, ६६, ग्लुकोज घेतलं. बुधवार, उपाशी १९८, रात्री नातवाच्या वाढदिवसाचा केक." डॉक्टरांनी तीन महिन्यांचा रिपोर्ट बाजूला ठेवला, वहीतल्या सगळ्या अकराच्या नोंदींवर बोट फिरवलं आणि सकाळची गोळी अर्धी केली.